मधला खटका

गोगलगाय गेल्यापासून माझा लॅपटॉप बंद झाला नव्हता. झाकणसुद्धा मिटलं नव्हतं. खिडकीखालच्या टेबलावर तो उघडा असायचा, त्याचा पंखा घरघरत असायचा आणि दोन्ही बाजूंना वायरीने जोडलेले दोन चपटे डबे, म्हणजे कंट्रोलर, असायचे, डावीकडे माझा, उजवीकडे तिचा. प्रत्येकावर आठ नॉब. कामावर जाताना मी चार्जरची पिन घट्ट बसली आहे ना हे हाताने चाचपून बघायचे आणि मगच दाराला कुलूप लावायचे.

गोगलगाय म्हणजे माझी मैत्रीण. कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आम्ही एका टेबलावर होतो. बाकीच्यांचा तासाभरात संपणारा प्रयोग ती दुपारभर पुरवायची, म्हणून हे नाव. पुढे आम्ही दोघी मिळून संगीत करायला लागलो. निदान आम्ही तरी त्याला संगीत म्हणायचो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काही लिहावं लागत नाही. पडद्यावर चौकोन काढायचे आणि एकातून दुसऱ्यात तारा ओढायच्या. एक चौकोन सूर काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा जरा उशिरा परत ऐकवतो. या सगळ्या जाळ्याला पॅच म्हणतात. नॉब फिरवला की एक आकडा तारेतून धावत जातो आणि आवाज बदलतो. मी माझ्या नॉबांशी सतत खुडबुड करायचे. ती मात्र एकच नॉब धरून बसायची आणि बऱ्याच वेळाने तो केसाएवढा हलवायची.

"तू घर झाडतेस," ती म्हणायची, "आणि मी धूळ खाली बसायची वाट बघते."

तिच्या आठ नॉबांवर आठ सूर होते, आणि मुळात आठही एकच. नॉब बरोबर मध्यावर आला की टक् असा खटका बसतो आणि सूर मूळ जागी असतो. जरा इकडेतिकडे केला की तेवढाच चढतो किंवा उतरतो. दोन सूर जवळजवळ सारखे असले, पण अगदी सारखे नसले, तर आवाज आपोआप लहान-मोठा, लहान-मोठा होत राहतो. पुस्तकात याला विस्पंद म्हणतात. सुरांतला फरक जितका कमी तितका हा झोका संथ. ती गेली त्या दिवशी तिचे नॉब जसे राहिले होते, त्यातून असे कितीतरी झोके एकमेकांत मिसळून येत होते. शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं आणि त्याचा श्वास भिंतीतून ऐकू यावा, असं काहीसं. संध्याकाळी घरी आले की मी चपला काढायच्या आधी हेडफोन लावायचे.

तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. जाताना म्हणाली, "माझा नॉबांचा डबा राहू दे तुझ्याकडे. कार्यक्रमाला येणारच आहे मी." एका छोट्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम ठरला होता, पहिलाच. तिच्या त्या सुरांवरच तो सगळा उभा होता. तळाला ते वाजत राहणार आणि वर आम्ही दोघी जे करू ते.

गोची अशी होती, की हे सॉफ्टवेअर चौकोन आणि तारा साठवतं, पण तारेतून शेवटचा आकडा कुठला गेला ते साठवत नाही. बंद करून पुन्हा उघडलं की पाटी कोरी. आकडा बघायचा तर तो दाखवणारा एक चौकोन जोडावा लागतो, आणि तिने तो मुद्दामच जोडला नव्हता. "आकडे दिसले की तुझे कान बंद होतात," हे तिचं कारण. आता मी जोडला असता तरी तो कोराच राहिला असता, कारण नॉब हलल्याशिवाय तारेतून काही जात नाही, आणि नॉब हलवला की जे मोजायचं तेच हातचं जातं. राहता राहिलं रेकॉर्डिंग. ते करणं अगदी सोपं होतं. पण ते करायचं म्हणजे ती येणार नाही असं धरून चालायचं. म्हणून मी नुसता लॅपटॉप चालू ठेवला.

माझी नोकरी कान तपासण्याच्या केंद्रात आहे. तिथली यंत्रं बरोबर आवाज काढतात की नाही हे मी बघते, आणि गर्दी असली की तपासणीलाही बसते. काचेपलीकडच्या बंद खोलीत माणूस हेडफोन लावून बसतो आणि आवाज आला की हातातलं बटण दाबतो. एक निवृत्त मास्तर यायचे, ते मी काही वाजवलेलं नसतानाही बटण दाबायचे. मी विचारलं तर म्हणाले, "आला नव्हता का? मला वाटलं, एव्हाना यायला हवा." मी तेव्हा हसले होते.

कार्यक्रमाच्या आठवड्यात हॉलच्या व्यवस्थापकांचा फोन आला. "टेबलं किती लावू? एक का दोन?"

"दोन," मी म्हणाले. गोगलगायीला पाठवलेल्या शेवटच्या निरोपाला तिने नुसता अंगठा दाखवला होता. त्याचा अर्थ मी 'येते' असा लावला होता.

मग आई आली. कार्यक्रम काय असतो ते तिला बघायचं होतं, आणि मी जेवते की नाही तेही. आत पाय टाकल्या टाकल्या ती टेबलासमोर थांबली.

"अगं बाई, दोन-दोन शेगड्या?"

"शेगड्या नाहीत गं त्या. वाजवायच्या आहेत."

"बटणं तर तशीच आहेत. एका माणसाला काय करायच्यात दोन?"

"एक मैत्रिणीची आहे. आणि आई, लॅपटॉपला हात लावू नकोस हं. चालूच राहू दे."

"मी कशाला लावू? त्याला बघूनच मला धडकी भरते."

मी 'लॅपटॉप' म्हणाले आणि मला वाटलं त्यात सगळं आलं. आईने दिलेला शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना तिने लॅपटॉपला बोटही लावलं नाही.

संध्याकाळी मी आले तेव्हा घर लखलखत होतं. खिडकीची काच पुसलेली, चादर बदललेली. मी हेडफोन लावले. एकच सूर येत होता, ताणलेल्या दोरीसारखा सरळ. झोका नव्हता. मला वाटलं हेडफोनची पिन निघाली असेल. ती काढून पुन्हा बसवली. मग उजवीकडे नजर गेली. तिच्या कंट्रोलरचे आठही नॉब एका रांगेत, तोंड वर करून, कवायतीला उभे राहिल्यासारखे.

"आई, हे कुणी केलं?"

"मीच. धूळ किती होती! आणि बटणं बघ, एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे. अशी अर्धवट चालू ठेवून जातेस कामावर? बंद केली सगळी. टक् वाजेपर्यंत फिरवली."

बाबा गेल्यापासून आई एकटी राहते. घराबाहेर पडताना आणि झोपताना ती शेगडीची बटणं चाचपते. फोनवर बोलता बोलता मध्येच "थांब हं" म्हणून जाऊन येते. हे मला माहीत होतं. तरी मी ओरडले.

"बंद नव्हती करायची!"

"मग? दिवसभर चालू ठेवायची?"

"हो! दिवसभर!"

आईने हातातलं फडकं घडी करून पुन्हा उलगडलं. "अगं, मग तुझ्या त्या मैत्रिणीलाच विचार ना, बटणं कुठे होती ते. फोन कशाला असतो?"

मी फोन केला. मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका होता, आणि गोगलगाय भराभर बोलत होती. इतकी भराभर, की क्षणभर वाटलं नंबर चुकला.

"बोल बोल, जेवायला बसलोय सगळे. काय म्हणतेस?"

"तुझे नॉब हलले. तू गेलीस तेव्हा कुठे होते ते?"

"कसले नॉब?"

"आठ सूर. तो श्वासासारखा आवाज."

"अच्छा ते!" ती हसली. "मला काय माहीत? निघायच्या घाईत मी त्यावर बॅग ठेवली होती गं. फिरले असतील." मग थांबून म्हणाली, "थांब, तू ते अजून बंदच केलं नाहीस?"

मी चार्जरची पिन चाचपली.

"वेडी आहेस का? मशीन तापेल ना."

"उद्या येतेस?"

"उद्या... अगं, इथून निघणं कुठे जमतंय. कळवणारच होते मी. तू मस्त करशील. आणि डबा वापर ना तूच, मला आता कुठे वेळ मिळणारे." कुणीतरी तिला हाक मारली, मला माहीत नसलेल्या नावाने. "चल, ठेवू? रागावू नकोस हं."

मी फोन ठेवला. एका बॅगेने फिरवलेले नॉब मी इतके दिवस जपले होते.  आईने ताट वाढलं आणि ती समोर बसली. 

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलवर मी लॅपटॉप उघडाच नेला, रिक्षात मांडीवर घेऊन. आई पिशवीतले दोन्ही कंट्रोलर पोटाशी धरून बसली होती. व्यवस्थापकांनी दोन टेबलं आणि दोन खुर्च्या मांडल्या होत्या.

"दुसऱ्या बाई?"

"नाही येत."

"मग एक काढू का टेबल?"

"राहू द्या," मी म्हणाले.

मोजकीच माणसं आली होती. आई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन. मी सुरुवातीला माझ्या नॉबांना हातच लावला नाही. आईने ठेवला होता तसाच तो सूर सोडला. आठ सूर होते, पण ऐकणाऱ्याला एकच. तो भिंतींपर्यंत जायचा आणि तसाच परत यायचा. कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणीतरी खाकरलं. माझी बोटं खुडबुड करायला शिवशिवत होती. मी ती मांडीवर दाबून ठेवली.

मग उठून मी दुसऱ्या टेबलाच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. कडेचा एक नॉब पकडला आणि खटक्यातून जेमतेम बाहेर काढला. आधी काहीच झालं नाही. मग सूर हळूच ओसरला, आणि किती वेळाने परत भरून आला. पुन्हा ओसरला. सात सूर जागच्या जागी आणि एक केसाएवढा ढळलेला. तिचा तो आवाज नव्हता. त्यात अनेक झोके होते, हा एकच होता, आणि दोन झोक्यांच्या मध्ये इतकी रिकामी जागा होती की आता परत येणारच नाही असं दर वेळी वाटायचं. प्रत्येक वेळी मी मास्तरांसारखी वाट बघत होते. माझ्या टेबलाकडे मी शेवटपर्यंत परत गेले नाही.

आवाज खाली आणला तेव्हा थोड्या टाळ्या झाल्या. लोक निघाले. आई तशीच टेबलापाशी आली. एकदा माझ्याकडे आणि एकदा नॉबांकडे तिने बघितलं.

"झालं ना?"

"झालं."

"कळलं नाही मला फारसं. पण मध्ये मध्ये तो आवाज जायचा ना, तेव्हा जीव टांगणीला लागायचा." ती जरा पुढे झुकली. "एक बटण राहिलंय बघ तुझं चालू. मघापासून माझं तिकडेच लक्ष आहे."

"तू कर ना बंद."

"मी नाही बाई. कालच बोलणी खाल्लीत. तूच कर."

मी नॉब फिरवला. टक्. मग लॅपटॉप बंद केला. पॅच साठवायचा का, असं त्याने विचारलं. चौकोन आणि तारा आधीच साठवलेल्या होत्या. मी 'नाही' म्हटलं आणि झाकण मिटलं. पंखा एवढ्यात थांबेल असं वाटलं नव्हतं, पण तो लगेच थांबला.

आई वायरी गुंडाळायला लागली होती. चुकीच्या पद्धतीने, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, दोरी गुंडाळतात तशी. मी तिला तशाच गुंडाळू दिल्या. माझी वायर मी वेगळी गुंडाळली.