पिठाचं पाणी

शिवकन्येनं तपासणीच्या प्लेटमधल्या शेवटच्या खाचेत आम्लाचा थेंब सोडला, तसा तिथला निळा रंग पिवळा झाला. तिनं प्लेट उचलून खिडकीच्या उजेडात धरली. यंत्र आकडा सांगणारच होतं, पण तेवढी वाट बघायला जीव थाऱ्यावर हवा ना.

या तपासणीचा न्याय उलटा असतो. रंग जितका फिका, तितकं विष जास्त. वरच्या रांगेत तुलनेसाठी मुद्दाम मोजून विष घातलेलं होतं, तिथला रंग क्रमानं उतरत गेला होता. खालच्या रांगेत तिच्या माहेरच्या तलावातल्या शिंपल्यांचा अर्क होता. तिथली एकूण एक खाच पिवळीधमक निघाली.

म्हणजे विष नाही. दुसऱ्या कुणाला याचा आनंद झाला असता. तिला मात्र ते सापडायला हवं होतं.

चौसाळ्याकडच्या त्यांच्या गावात तिच्या वडिलांची, सिदूची, मेंढरं पाझर तलावावर पाणी पिऊन आली आणि तडफडून मेली. तलावाला लागून भागवतचं शेत. मेंढरं पिकात शिरतात म्हणून त्याची आणि तिच्या धाकट्या भावाची, जीवनची, वर्षभर बाचाबाची चालली होती. एकदा रागाच्या भरात भागवत सगळ्यांदेखत बोलून बसला होता, "एक दिवस पाण्यात औषधच घालतो." झालं, गावानं निवाडा करून टाकला. मेंढरं तर पुरून झाली होती, तपासायला काही उरलं नव्हतं.

शिवकन्येला मात्र काठावर धरलेली हिरवी साय आठवत होती. साचल्या पाण्यावरच्या तसल्या शेवाळातही विष असू शकतं, हे तिला बीडच्या या प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावर कळलं होतं. साय वाऱ्यानं पांगून गेली, पण शिंपल्या दिवसरात्र तेच पाणी गाळून जगतात. शेवाळाचं विष त्यांच्या पोटात मुरून राहतं, आणि ही तपासणी तेवढ्याच विषाची होती. म्हणून तिनं आईला शिंपल्या आणायला सांगितल्या, आणि निकाल लागेपर्यंत भागवतच्या वाटेला जायचं नाही, असा जीवनकडून शब्द घेतला.

फोन वाजला. जीवनच होता.

"बोल ताई. इष हाय का न्हाई?"

"यंत्रावर लावायचंय अजून."

"तू डोळ्यानं बघितलं असशील की. न्हाई ना?"

तिनं प्लेट खाली ठेवली. खोटं बोलणं तिला कधी साधलं नव्हतं, आणि ते आता शिकून होणार नव्हतं.

"समजलं," जीवन म्हणाला. त्याच्यामागं चार-दोन माणसांचा गलका ऐकू येत होता. "शेवाळात न्हाई म्हणल्यावर पाण्यात कुणी घातलं ते कळतंय. आमी निघालो."

तिनं लगेच उलट फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. ती तशीच हातमोज्यांनिशी बाहेर आली. व्हरांड्यातल्या बाकावर तिची आई, साखराबाई, शिंपल्या आणलेला रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"काय निघालं गं?"

"कायच न्हाई, माय. शिंपल्या साफ हायत."

"असणारच की." साखराबाईचा चेहरा खुलला. "तुझ्या हाफिसात चिखलाच्या कशा द्याव्या? तू सांगितलंस तवाच काढल्या. घमेल्यात हिरीचं पाणी घेतलं, वरनं जवारीचं पीठ टाकलं. रोज सांज-सकाळ पाणी बदललं. समदी घाण वकली त्यांनी. थोड्या हितं आणल्या, उरल्याल्या घरी हायत."

शिवकन्या जागच्या जागी थांबली. शिंपल्या शिजवायच्या आधी त्यांच्या घरी हेच करत आले होते, नाहीतर दाताखाली वाळू कचकचते. लहानपणी ते पाणी बदलायचं काम तिच्याचकडं असायचं. 'जित्या आण, मरू देऊ नको' एवढं तिनं बजावलं होतं. धुऊ नको, हे सांगायचं सुचलंच नव्हतं. आपल्याच घरची रीत आपण विसरलो, याची तिला मनापासून चीड आली. इतके दिवस स्वच्छ पाण्यात राहिल्यावर चिखलाबरोबर विषही निघून गेलं असेल, तर प्लेट बिचारी काय दाखवणार?

"ते पाणी कुठं टाकलंस, माय?"

"टाकायचं कावून? पीठ होतं की त्यात. कोंबड्यांला पाजलं."

"मग?"

"मग काय." साखराबाईनं पदर सारखा केला. "परवा सकाळी खुराड्यात मरून पडल्या होत्या. मेंढरांवर भागलं न्हाई त्या भागवतचं. मीच म्हणलं जीवनला, आता..."

बोलता बोलता ती थांबली. लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. शिवकन्येला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"जीवनला लाव फोन."

"उचलत न्हाई."

"मग भागवतला लाव."

भागवत शाळेत शिवकन्येच्या वर्गात होता, त्याचा नंबर तिच्याकडं होता. तिनं लावून फोन आईच्या हातात दिला.

"भागवत, मी शिवकन्याची माय बोलते. जीवन येतोय तिकडं. घरात जा, दार लावून घे."

"काकू, तो समोरच उभा हाय." भागवत घाईघाईनं म्हणाला. "लई जणं हायत."

"त्याला दे फोन."

"घेत न्हाई तो."

"मग मोठ्यानं वाजंल असा कर. समद्यांला ऐकू जाऊ दे."

साखराबाई उठून उभी राहिली. डबा मांडीवरून घरंगळत गेला, तिकडं तिनं बघितलंही नाही.

"जीवन, कोंबड्या मी मारल्या. शिंपल्याचं पाणी मी पाजलं त्यांला, माझ्या हातानं. भागवतनं न्हाई. तळ्याचं पाणीच वाईट हाय. त्याच्या अंगाला हात लावू नगं."

गलका थांबला. मग फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर ऐकू आली.

"माय," जीवनचा आवाज आला, अगदी जवळून, "घरी उरल्याल्या शिंपल्या तू खाल्ल्या न्हाईस ना?"