उजव्या हाताचं घड्याळ

“उघडाची नाही,” गोमतीबाई म्हणाल्या आणि काचेवर ठेवलेलं घड्याळ त्यांनी पंजाखाली झाकलं.

पुंजाजींनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. वाशीमच्या बसस्टँडसमोर पुतण्याच्या, रविकांतच्या, मोबाइलच्या दुकानात दाराशी त्यांचं टेबल होतं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, पण असं गिऱ्हाईक आलं नव्हतं.

“न उघडता कशी दुरुस्त करू, बाई? डाक्टर बी तोंड उघडाले लावते.”

“तुमी बाहीरूनच लाईनीवर आनता म्हने. आमच्या आसेगावच्या मास्तरची आनली ना तुमी.”

ते खरं होतं. चावीचं घड्याळ जसं ठेवावं तसं चालतं. तबकडी वर करून ठेवलं तर एक चाल, पालथं घातलं तर दुसरी, बाजूची चावी खाली करून उभं केलं तर तिसरी. दिवसभर हातावर ते मागे पडत असेल तर रात्री ज्या कुशीवर पुढे जातं त्या कुशीवर निजवायचं, म्हणजे सकाळी हिशोब बरोबर. लोकांना ही मोठी विद्या वाटे. पुंजाजींचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता आणि चिमट्यात स्क्रू टिकत नव्हता, म्हणून त्यांनी ही विद्या धरली होती, हे ते कुणाला सांगत नसत.

“कोनाची हाय?”

“आमच्या मानसाची. धनसिंग नाव त्यायचं. तीन महिने झाले, गेले. तेरवीले त्यायचं सारं सामान देऊन टाकलं, ही मी ट्रंकेत लपोली. बत्तीस वर्सं एक मिंट चुकली नाही, भाऊ. अन् आता चावी देऊन बी रोज चार मिंटं मांगं पडते. मेल्यावर कायले चुकाव मानसानं?”

“मंग उघडू द्या ना.”

“त्यायनं कधी उघडू देल्ली नाही. उघडली तं त्यायचं आत काय ऱ्हाईन?” गोमतीबाईंनी पंजा काढला. “बेस्तरवारी मी पोराजवळ पुन्याले चालली. तवरोक करा.”

त्या गेल्यावर रविकांत म्हणाला, “बेस्तरवारीच सुतार बी येनार हाय, काका. तुमच्या टेबलाचं माप घ्याले. तिथं कव्हरचं स्टँड लावतो.”

“माह्या हातात काम हाय अजून.”

“मंग दाखवा ना करून. त्या राखी मॅडमची बारकी घडी तीन हप्त्यापासून तशीच पडून हाय. बेस्तरवारपावतर ती चालू करा, सुताराले मी रस्त्यातूनच वापस धाडतो.”

रविकांत वाईट पोरगा नव्हता. घरी काकाच्या ताटाभोवती सांडलेलं वरण त्याने पाहिलं होतं, एवढंच.

पुंजाजींनी धनसिंगचं घड्याळ घरी नेलं आणि रोज वेगळ्या कुशीवर ठेवलं. तबकडी वर, चार मिनिटं मागे. पालथं, तीन मागे. चावी खाली, पाच मागे. सोमवारी सकाळी ते चावी वर करून दोन डब्यांमध्ये उभं केलं. मंगळवारी सकाळी पाहिलं तर सेकंदाचाही फरक नव्हता.

पुंजाजी विचारात पडले. माणसं डाव्या हाताला घड्याळ बांधतात. हात खाली सोडला की चावी खाली जाते. चावी वर राहते ती फक्त उजव्या मनगटावर. म्हणजे हा माणूस उजव्या हातात घड्याळ बांधत होता. तीन महिने ट्रंकेत आडवं पडून ते मागे पडलं होतं.

खात्री करायला त्यांनी ते स्वतःच्या उजव्या मनगटावर बांधलं. पट्ट्याचं एकच भोक वापरून मोठं झालेलं होतं. तेच भोक त्यांना बरोबर आलं.

दुकानात जाण्याआधी जेवताना त्यांची बायको हौसाबाई भाकर टाकायची थांबली.

“काहून पाह्यतं?”

“आज सांडलं नाही तुमचं,” ती म्हणाली.

पुंजाजींनी हात पुढे धरला. बोटं दगडासारखी स्थिर होती. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पाण्याचा गच्च भरलेला गिलास एका हाताने उचलला. हौसाबाईने डोळ्याला पदर लावला, पण पुंजाजींना आनंद व्हायच्या आधी जरा थंडी वाजल्यासारखं झालं.

त्याच दिवशी दुकानात, अकरा वाजून वीस मिनिटांनी, त्यांचा उजवा हात टेबलावरून उठला. त्यांनी उचलला नव्हता. खांद्याच्या वर सरळ गेला आणि थांबला. बोटं मुठीत वळली होती, मधे बारीक काठी असावी तशी. पुंजाजींनी डाव्या हाताने तो खाली ओढून पाहिला. हलला नाही. मग स्टेशनाकडून आगगाडीची शिटी आली, डब्यांचा आवाज आला, विरला. हात आपोआप काचेवर उतरला.

“काका, कोनाले बोलावून राह्यले?”

“माशी होती,” पुंजाजी म्हणाले.

घड्याळ काढून ठेवावं असं त्यांना वाटलं. पण पुढ्यात राखीचं बारकं घड्याळ होतं आणि हात स्थिर होता.

बुधवारी त्यांनी राखीचं घड्याळ उघडलं. नखाएवढी चक्रं एकेक काढली, पुसली, तेलाचे ठिपके दिले. जवानीतही असं काम झालं नव्हतं. शेवटचं चक्र चिमट्यात असतानाच अकरा-वीस झाले. हात चिमट्यासकट वर गेला. ते केसाहून नाजूक चक्र हवेत, चिमट्याच्या टोकावर, जराही न हलता थांबलं. खाली पडलं असतं तर बरं, असं पुंजाजींना वाटलं. गाडी गेली. हात उतरला आणि त्याने चक्र जागेवर बसवलं. घड्याळ टिकटिक करू लागलं.

“मानलं काका,” रविकांत म्हणाला. “बसा आता शंभर वर्सं.”

पुंजाजी हसले नाहीत. आपल्या मनगटाच्या पुढे बसलेलं हे कोण, हे विचारायचं कुणाला?

गुरुवारी गोमतीबाई गाठोडं घेऊन आल्या. त्यांचा मुलगा गोविंदसिंग समोर पुण्याच्या एसटीत जागा धरून बसला होता. त्याच वेळी सुतारही आला. रविकांत त्याला म्हणाला, “नाही लागत बाप्पा आता, जाय. थांब, चहा तं घे.”

“झाली का, भाऊ?” गोमतीबाईंनी विचारलं. मग त्यांना पुंजाजींच्या हातावरचं घड्याळ दिसलं. त्या काही बोलायच्या आत अकरा-वीस झाले.

हात वर गेला.

गोमतीबाईंनी गाठोडं खाली ठेवलं. डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढला, एक पाऊल मागे सरकून बाजूला उभ्या राहिल्या आणि मान खाली घातली. नवरा ओसरीवर आला की त्यांच्या घरच्या बाया उभ्या राहतात तशा. शिटी वाजली, गाडी गेली, हात उतरला. तरी त्यांनी पदर मागे घेतला नाही.

“रेल्वेच्या फाटकावर होते ते,” त्या जमिनीकडे पाहत म्हणाल्या. “हिरवी झेंडी दाखोत. रिटायर झाल्यावर बी रोज आंगनात उभे राहून हात वर करत. पोरं हासत. गाडी तं आसेगावले ऐकू बी येत नाही. घडीवरच हात उठे.”

पुंजाजींनी डावा हात घड्याळाच्या पट्ट्याकडे नेला.

“तुमच्याच हाती राहू द्या,” गोमतीबाई म्हणाल्या. “पुन्याले त्यायले कोन वळखते? इथं गाडी हाय. कदीमदी आली तं लांबून पाहीन.”

समोर राखीचं घड्याळ चालत होतं. रविकांत सुतारासाठी चहा सांगत होता. पुंजाजींनी स्थिर पंजाकडे बराच वेळ पाहिलं.

“हात लाख मोलाचा हाय, बाई,” ते म्हणाले. “पन माहा नाही.”

त्यांनी पट्टा सोडला. घड्याळ काचेवर ठेवताच बोटं सुटली, पहिल्यापेक्षा जास्तच. काचेवर नखं वाजू लागली. रविकांतने वळून पाहिलं. सुतारानेही पाहिलं. पुंजाजींनी हात टेबलाखाली नेला नाही.

“उजव्याच हाती बांधा. रातच्याले काढली तं चावी वर करून उभी ठेवा. चुकनार नाही.”

गोमतीबाईंनी बांगड्या मागे सारून उजवं मनगट पुढे केलं. पट्ट्याचा काटा भोकाला लागायचा आणि निसटायचा. रविकांत पुढे झाला.

“त्यायले करू दे,” गोमतीबाई म्हणाल्या.

गोविंदसिंग एसटीतून हाका मारत होता. त्यांनी मनगट हलवलं नाही. कितव्या तरी खेपेला काटा बसला. त्या गाठोडं उचलून, पदर तसाच ठेवून, रस्ता ओलांडून गेल्या.

सुतार चहा पिऊन निघाला होता.

“थांब गा,” पुंजाजी म्हणाले. “माप घेऊन घे.”

“काका, ऱ्हाऊ द्या,” रविकांत म्हणाला.

पुंजाजी खुर्चीवरून उठले. सुताराने टेप काढला आणि त्यांनी त्याचं दुसरं टोक टेबलाच्या कडेला धरलं. टेप हलत होता, आकडे वाचता येत नव्हते. टेप थांबेपर्यंत सुतार वाकून वाट पाहत राहिला.