आतली गाठ

मोठ्या भावाला गिऱ्हाईक म्हणून दुकानात घेऊ नये, असं धंद्याच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नसतं. लिहायला हवं. परक्या गिऱ्हाइकाला ‘हे तुमच्या कामाचं नाही’ असं तोंडावर सांगता येतं; फार तर तो नाक मुरडून शेजारच्या दुकानात जातो. मोठा भाऊ कुठे जातो? तो काउंटरच्या आत येतो, आपल्याच स्टुलावर बसतो आणि सगळ्यात वरच्या फळीवरचं सगळ्यात जड रीळ खाली काढायला लावतो.

बारक्याचं नेमकं असंच झालं. बारक्या हे त्याचं घरातलं नाव. आता तो चांगला घेरदार गृहस्थ झाला होता, काउंटरच्या फटीतून जाताना त्याला पोट आत ओढून घ्यावं लागायचं, पण दादाच्या तोंडी तो बारक्याच राहिला. बंदराच्या रस्त्यावर त्याचं गळ, काठ्या, दोऱ्या आणि रिळं विकायचं दुकान होतं. बाजारात त्याला दुसरंही एक नाव होतं: आतल्या गाठीचा. कुठल्या खडकापाशी मासा लागतोय, कुणाचं कुणाशी बिनसलंय, सगळं त्याला ठाऊक असायचं आणि तो कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

गंमत म्हणजे त्याचा धंदाही आतल्या गाठीचाच. रिळावर दोरी चढवण्याआधी तिचं टोक रिळातल्या रिकाम्या फिरकीला बांधावं लागतं. ती आतली गाठ. तिच्यावर मग शेकडो मीटर दोरी बसते आणि ती गाठ पुन्हा कुणाच्या नजरेस पडत नाही. पडलीच, तर समजायचं की मासा सगळी दोरी घेऊन गेला. “बाहेरची गाठ माशासाठी, आतली आपल्यासाठी,” असं दादा म्हणायचा. दोन्ही गाठी बारक्याला त्यानेच शिकवल्या होत्या, आणि नीट जमेपर्यंत टपल्याही तितक्याच मारल्या होत्या.

दादाला वेड होतं किनाऱ्यावरून शार्क धरण्याचं. होडीतून शार्क धरणाऱ्याला तो खिजगणतीतच धरत नसे. होडी काय, माशाच्या मागे मागे जाते. वाळूवरच्या माणसाला मात्र पाय रोवून उभं राहावं लागतं. माशाने पळायचं आणि आपण दोरी सोडत राहायचं. म्हणून रीळ मोठ्या पोटाचं लागतं. माशाची पळायची हौस फिटली की मग त्याला हळूहळू वळवायचं, पाण्याच्या काठाशी आणायचं, गळ काढायचा आणि ‘जा बाबा, सुखी राहा’ म्हणून सोडून द्यायचं. आणि एक कायदा: ज्याच्या गळाला मासा लागला त्याचेच हात. दुसऱ्याचं बोट जरी रिळाला लागलं तरी तो मासा कुणाचाच नाही. हा कायदा दादाने एवढ्या कडकपणे पाळला होता, की एकदा खांद्याला गांधीलमाशी चावत असताना त्याने बारक्याला रीळ तर सोडाच, गांधीलमाशीलाही हात लावू दिला नव्हता.

तर असा हा दादा त्या दुपारी स्टुलावर बसून म्हणत होता, “जुनं रीळ आता कामातून गेलं बघ. तू कितीही तेल घाल, ते अडकतंच.”

बारक्या खाली बघून फडक्याने काउंटर पुसत राहिला. ते रीळ त्याने पुन्हा पुन्हा खोललं होतं. आत गंजाचा ठिपका नव्हता. दोरी गुंडाळायची मूठ नुसत्या फुंकरीने फिरावी इतकं ते साफ होतं. तरी दर वेळी तो तेल घालून, “होता थोडा गंज,” असं सांगून दादाला परत देत आला होता.

अडकत होते ते दादाचे हात. डॉक्टरने वहिनीला आणि बारक्याला आत बोलावून सांगितलं होतं, तेव्हा दादा बाहेर तपासणीसाठी रक्त द्यायला बसला होता. हातांचे स्नायू वाळत चाललेत. आधी बोटं, मग मनगटं, मग दंड, आणि पुढे कुठवर जाईल ते सांगता येत नाही. परत आणणारं औषध नाही. बाहेर आल्यावर वहिनी जिन्याच्या कठड्याला धरून म्हणाली होती, “भावोजी, यांना इतक्यात काही सांगू नका. एकदा त्यांना वाळूवर जाऊन येऊ दे. मग मीच सांगेन.” बारक्याने मान डोलावली. गुपित सांभाळणं त्याच्या हातचा मळ होता. पण हे गुपित रात्रंदिवस त्याच्या घशाशी येत होतं आणि तो ते पाण्याच्या घोटासारखं गिळत होता.

“ते वरचं काढ,” दादा म्हणाला.

वरचं म्हणजे दुकानातलं सगळ्यात मोठं. दोन्ही हातांनी उचलावं लागे. बारक्याने ते न काढता शेजारचं खाली घेतलं. “हे बघ दादा. नवीन आलंय. यात एक कळ आहे, ती दाबली की मूठ हलकी फिरते. सायकलला चढावर गिअर बदलतो ना, तसं. हाताला अजिबात त्रास नाही.”

“माझ्या हाताला कुठे त्रास आहे?”

बारक्याने जीभ चावली. “तुझ्या म्हणजे, कुणाच्याही.”

“याच्या पोटात दोरी किती मावते?”

“मोठ्याच्या निम्मी.”

“निम्मी! अरे, ही घेऊन मी काय पाणवठ्यावर बेडूक धरू? वरचं काढ.”

वरचं निघालं. दुकानाच्या मधल्या खांबाला वजनाचा काटा टांगलेला होता. दोरीचं टोक त्याच्या हुकात अडकवायचं, रिळाचा ब्रेक, म्हणजे दोरी सुटू न देणारा खटका, घट्ट करायचा आणि मूठ फिरवायची. किती ताण बसतो ते सुई सांगते. दादाने रीळ काठीवर बसवून घेतलं, ब्रेकचा खटका तळहाताने पुढे ढकलला आणि मूठ धरली. धरली म्हणजे बोटं तिच्याभोवती ठेवली. मूठ जागची हलली नाही. दादाच्या मानेवरची शीर फुगली. खांबावरची सुईही तशीच राहिली.

“हेही अडकतंय! काय रे माल ठेवतोस दुकानात!”

परक्याने असं म्हटलं असतं तर बारक्याने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. पण दादाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात उत्तर न आलेला मुलगा जसा इकडेतिकडे बघतो, तसा तो रिळाकडे आणि आपल्या हाताकडे आळीपाळीने बघत होता.

“नवीन आहे ना, कडक असतं,” बारक्या म्हणाला. “थांब, सैल करतो.”

“हात लावू नकोस, मी बघतो,” दादा म्हणाला आणि चष्मा काढून शर्टाला पुसू लागला. तेवढ्यात बारक्याने अंगठ्याने ब्रेकचा खटका मागे ओढला. अगदी मागे.

दादाने चष्मा लावला, मूठ धरली, आणि ती फिरली. फिरणारच. ब्रेक सुटलेल्या रिळाची मूठ कुणीही फिरवावी. फिरकी आत नुसती घसरते आणि दोरी तसूभरही येत नाही. मूठ गरागरा फिरत होती आणि खांबावरची सुई शून्यावर होती. आयुष्यभर दादा आधी सुई बघायचा आणि मग मूठ. त्या दिवशी त्याने सुईकडे पाहिलंच नाही. त्याला दिसली नाही की त्याने बघितली नाही, हे बारक्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

“बघ!” दादा लहान मुलासारखा हसला. “लोण्यासारखं चालतंय. हेच. दोरी काठोकाठ चढव.”

दादा शेजारी गप्पा मारायला गेला आणि बाहेर थांबलेली वहिनी आत आली. फळीवर परत गेलेलं छोटं रीळ तिने पाहिलं. “हे नाही घेतलं?”

“ऐकतो का तो?”

“मग नाही म्हणायचं होतं तुम्ही.”

“नाही म्हटलं तर का म्हणून विचारेल, वहिनी. सांगू का?”

वहिनीने छोटं रीळ फळीवर उगाच सरळ केलं. इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोघं मधल्या पायवाटेवर उभे. ती म्हणाली, “काहीतरी करा, भावोजी. तुम्हाला कळतं यातलं.”

कळत होतं, तेच तर दुखणं होतं. छातीला पट्टा बांधून दादा त्याच्या कड्या रिळात अडकवणार. मासा पळणार. दादाला तो थांबवता येणार नाही. फिरकी रिकामी होईल, आणि आतली गाठ पक्की असेल तर त्यानंतर मासा दोरी ओढणार नाही, माणसालाच ओढेल. पूर्वीचा दादा एका झटक्यात कड्या सोडून मोकळा झाला असता.

मागच्या खोलीत बारक्याने फिरकी यंत्रावर लावली आणि दोरीचं टोक हातात घेतलं. दादाने शिकवलेली गाठ त्याची बोटं आपोआप मारू लागली. त्याने ती सोडली. मग टोकाचा नुसता वेढा दिला, त्यावर चिकटपट्टीचा कपटा लावला आणि यंत्र सुरू केलं. ओढ बसली की सुटेल अशी. गाठ सुटली, नशीब फुटलं, असं म्हणता येईल. दादा गाठीला शिव्या देईल, दुकानदाराला देईल. हातांचं नाव निघणार नाही. पांढरी बारीक दोरी वेढ्यावर चढली, तिच्यावर जाड पिवळी चढली, आणि सगळं काठोकाठ झाकलं गेलं. आयुष्यात इतकी वाईट गाठ त्याने मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायला लागली तेव्हा तिघं किनाऱ्यावर होती. बारक्याने छोट्या होडीतून आमिष लांब नेऊन टाकलं आणि घाम पुसत परत आला. वहिनी उलट्या बादलीवर बसली होती. दादाने पट्टा तिच्याकडून बांधून घेतला होता, ‘पाठीमागे हात पोचत नाही’ म्हणून. कड्या मात्र छातीपुढे होत्या, आणि त्याही तिनेच अडकवल्या होत्या.

पाणी बराच वेळ ढिम्म होतं. मग काठी वाकली आणि रीळ ओरडायला लागलं.

“लागला!” दादाचा आवाज दहा वर्षांनी तरुण झाला. “बारक्या, लांब उभा राहा. हात लावायचा नाही!”

बारक्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. पिवळी दोरी भराभर उतरत होती. पहिल्या धावेला सोडायचीच असते. दादा टाचा वाळूत रुतवून मागे रेलला होता, तोंडाने माशाशी बोलत होता, “पळ, पळ, किती पळशील.” मासा पळत राहिला. पिवळी संपून पांढरी दिसायला लागली, तेव्हा दादाने ब्रेकचा खटका पुढे ढकलला. बोटांनी जमेना, म्हणून तळहाताने. मग कोपराने. खटका अर्ध्यावर गेला आणि थांबला.

“अडकलं,” दादा म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला, “अडकलं हे.”

बारक्या दोन पावलांवर होता. एक हात पुढे केला असता तर खटका पुढे गेला असता. दादा पाण्याकडे एकेक पाऊल ओढला जात होता आणि तोंडाने म्हणत होता, “हात लावू नकोस, बारक्या, हात लावू नकोस.” वहिनी उठून उभी राहिली होती. दादाचा उजवा हात छातीवरच्या कडीशी गेला, तिथे चाचपडला आणि परत मुठीवर आला. पांढऱ्या दोरीखालून फिरकीचा धातू चमकायला लागला. बारक्याला ओरडावंसं वाटलं, आणि त्याला ते जमलं नाही. सगळ्या जन्माची सवय.

दोरी संपली. काठी सरळ झाली. रीळ गप्प झालं.

दादा पडला नाही. तो तसाच उभा राहिला, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात, मग मागे फिरून कोरड्या वाळूवर येऊन बसला. बारक्या तयारच होता. “गाठ सुटली वाटतं,” तो म्हणाला. “माझीच चूक, दादा. घाईत नीट बसली नसेल.”

दादाने बोट रिकाम्या फिरकीवरून फिरवलं. पुन्हा फिरवलं. “तुटली असती तर गाठ राहिली असती इथे,” तो म्हणाला. “आणि जाताना झटका बसला असता. झटका बसला नाही. आतली गाठ कुठे आहे, बारक्या?”

बोटाच्या टोकाला चिकटपट्टीचा कपटा लागला होता. दादा त्याच्याकडे बघत राहिला.

“त्या बिचाऱ्याच्या तोंडात गळ आहे,” तो हळूच म्हणाला. “आणि मागे एवढी सगळी दोरी. तो कुठे कुठे घेऊन फिरेल ती?” मग तितक्याच हळू आवाजात म्हणाला, “मी शिकवलेली गाठ तू विसरणार नाहीस. डॉक्टर काय म्हणाले?”

बारक्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने पदर तोंडाला लावला होता.

“सांग रे. तेल घालत होतास तेव्हापासून वाट बघतोय मी.”

मग बारक्याने सांगितलं. बोटं, मनगटं, दंड, पुढचं सगळं. आतल्या गाठीचा माणूस बोलायला लागला की त्याला थांबता येत नाही. औषध नाही, हेही तो दोनदा सांगून गेला. दादा मान हलवत ऐकत होता, एखाद्या लांबच्या नातेवाइकाची बातमी ऐकावी तसा. बारक्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही.

सगळं सांगून झाल्यावर दादाने छाती पुढे केली.

“या कड्या सोड,” तो म्हणाला. “मघाशी माझ्याने सुटल्या नाहीत.”

बारक्या वाळूत गुडघ्यांवर बसला. डावी कडी सोडली, उजवी सोडली. रीळ आता नुसतं दादाच्या हातांवर होतं आणि हळूहळू खाली झुकत होतं. बारक्या थांबला. कायदा कायदा होता.

“धर की,” दादा म्हणाला. “जड आहे रे.”