चार पेशी

गुरुवारी सकाळी आठ वाजता डिशमधल्या गर्भाच्या आठ पेशी दिसायला हव्या होत्या. चार दिसल्या. बुधवारीही चारच होत्या. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईने पुन्हा मोजल्या, कागदावर चार लिहिलं आणि डिश उबेच्या कपाटात परत ठेवली.

गर्भ तिच्या थोरल्या बहिणीचा होता. ताईचं वय त्रेचाळीस, ही चौथी खेप, आणि हीच शेवटची, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं.

सोमवारी ताईची अकरा स्त्रीबीजं मिळाली होती. अशा वेळी सगळीच फळवायची, ही प्रयोगशाळेची पद्धत. निम्मी वाटेतच गळतात. पण बाबा तीस वर्षं चर्चचे पाळक होते. देवाने मातीचा माणूस घडवला आणि त्याच्या नाकपुड्यांत स्वतः श्वास फुंकला. बीज फळलं की तो माणूसच, आणि माणूस उरलासुरला म्हणून टाकता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. दोनच फळवा, ते म्हणाले. ताई-दाजींनी तशी सही दिली. गळतीचे आकडे धाकटीला तोंडपाठ होते. पण बाबांपुढे वाद घालायचा नाही हे घरचं वळण, आणि ती गप्प बसली. उरलेली नऊ बीजं त्याच दुपारी टाकून दिली गेली. दोनातलं एक फळलंच नाही.

तिने ताईला फोनवर चारचा आकडा सांगितला.

"मामावर गेलंय," ताई म्हणाली. "दादासारखंच, हलवल्याशिवाय उठायचं नाही."

त्यानंतर बराच वेळ दोघींनीही फोन ठेवला नाही.

शुक्रवारी ताई आणि बाबा सातपासूनच बाहेरच्या बाकावर येऊन बसले. अठ्ठेचाळीस तासांत पेशी वाढल्या नाहीत तर 'थांबला' असा शेरा लिहून डिश टाकायची, हा नियम. आठ वाजता चारच होत्या, त्यातली एक कडेने चुरगळल्यासारखी.

धाकटीने बाहेर येऊन तसं सांगितलं. बाबांनी विचारलं, टाकतात म्हणजे कुठे. दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, ती म्हणाली. मग निदान ताईच्या पोटात ठेवा, जायचाच असेल तर आईजवळ जाऊ दे, असं ते म्हणत राहिले. तिने सांगितलं, 'थांबला' असा शेरा पडला की डॉक्टर हात लावत नाहीत. तिने कालच विचारून घेतलं होतं.

"त्या नऊतलं एखादं..."

"सोमवारीच गेली, बाबा."

"मीच म्हणालो होतो."

"हो," धाकटी म्हणाली. "आणि मला माहीत होतं."

ताई उठून उभी राहिली. "तुमचं घरी गेल्यावर बोला. आत त्याच्याजवळ कोण आहे?"

धाकटी आत गेली. आठ वाजताच्या ओळीत तिने चार लिहिलं. शेऱ्याची जागा चौदा वर्षांत पहिल्यांदाच कोरी सोडली, डिश कपाटात परत ठेवली आणि खालच्या ओळीत पुढची वेळ टाकली: बारा. बाराला काय दिसणार हे तिला ठाऊक होतं.

दाराच्या काचेतून बाक दिसत होता. कुणाच्याही दारात उभ्या उभ्या प्रार्थना सांगणारे बाबा हात जोडून बसले होते, आणि त्यांना सुरुवात सापडत नव्हती. ताई घड्याळाकडे बघत होती. आठ वीस झाले होते.