घंटा वाजताच नील उठतो

मी एक जुनी पितळी घंटा आहे. देवळातली नव्हे, शाळेतली. मूठ लाकडी, आवाज खणखणीत. त्या आवाजाचा मला फार गर्व होता, आणि मित्रांनो, आज जे सांगणार आहे ते सांगताना मला त्याच गर्वाची लाज वाटते.

काळबादेवीकडच्या एका कारखान्यात मला ओतलं. तिथून मी परळच्या एका रात्रशाळेत गेले. दिवसभर गिरणीत मागांचा खडखडाट सोसून आलेली मोठी माणसं तिथे शिकायला यायची. कानांत दडे बसलेले, डोळ्यांवर झोप. तरी माझा पहिला ठोका पडला की शेवटच्या बाकावर पेंगणारासुद्धा दचकून उठायचा. शाळेचा शिपाई बुधाजी मला चिंचेने घासायचा आणि म्हणायचा की ही मेलेल्यालाही उठवील. असल्या कौतुकाने डोक्यात हवा जाते. पुढे गिरण्या बंद पडल्या, रात्रशाळाही आटपली आणि बुधाजीने मला लालबागच्या एका चाळीतल्या बालवाडीत आणून दिलं.

ही बालवाडी तळमजल्यावर, गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत भरते. सीमाताई तिथल्या बाई, गेली तेवीस वर्षं. दिवसातून तीनदा त्या मला वाजवतात: प्रार्थनेला, डब्याला आणि घरी सोडताना. मला मोजायची खोड आहे. कोण पहिल्या ठोक्याला उठतं, कोण तिसऱ्याला, कोण डब्याच्या घंटेला सगळ्यांच्या पुढे असतं आणि प्रार्थनेच्या घंटेला मात्र त्याला शू लागते, सगळं माझ्याकडे टिपलेलं असतं.

त्या टिपणात एक नाव मला खुपायचं. नील. चार वर्षांचा, गोबरा, अबोल, मणी ओवण्यात पटाईत. गेल्या वर्षीच्या जूनपासून येत होता. मी वाजले की हा आपला मणी ओवतच बसलेला. बाकीची मुलं उठली की इकडेतिकडे बघून हा सगळ्यांत शेवटी उठायचा. सीमाताईंनी त्याला एकदोनदा कोपऱ्यात उभंही केलं. त्याची मालवणी आजी गंगुबाई त्याला सोडायला यायची. तक्रार केली की ती हसून म्हणायची, "हट्टी आसा गो बाय. आज्यावर गेलो." आजोबांसारखा हट्टी, हे मला पटलं. खरं सांगायचं तर मला तो माझा अपमान वाटायचा.

यंदा ऑगस्टात भोईवाड्याहून अक्षदा आली. लहान मुलांची शिक्षिका होण्याचा एक वर्षाचा कोर्स ती करत होती. शेवटचे चाळीस दिवस आमच्याकडे काम शिकायचं, सीमाताईंची सही घ्यायची की प्रमाणपत्र हातात. लोअर परळच्या एका नव्या शाळेने तिला तोंडी होकारही दिला होता. प्रमाणपत्र दाखवा आणि एक ऑक्टोबरला रुजू व्हा. तिच्या वडिलांनी तर चाळीत पेढे वाटून टाकले होते.

पोरगी गुणी होती. हातात कापडी ससा घालून ती बोलायला लागली की रडकी मुलंसुद्धा नाक पुसायचं विसरायची. पण तिला एक वही भरायची होती. रोज एकाच मुलाकडे पंधरा मिनिटं बघायचं आणि दिसेल ते लिहायचं. तिने नील निवडला. का? तर तो एका जागी बसतो, मागे धावावं लागत नाही. माणसं कामं कशी निवडतात, हे मी बरीच वर्षं बघत आले आहे.

मग गणपती आले. त्या दिवसांत आमची खोली मंडळाकडे जाते आणि बालवाडी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत भरते. मी तेव्हा खेळण्यांबरोबर पत्र्याच्या ट्रंकेत कुलपात असते. कारण एका वर्षी मला वर नेलं होतं, तर डब्याच्या घंटेला आरती सुरू झाली समजून बायका हात जोडून दारात आल्या. तेव्हापासून गणपतीत मुलांना टाळ्या वाजवून बोलावतात. यंदा अर्धी मुलं कोकणात गेली होती. नीलच्या घरी सुतक होतं म्हणून तो इथेच होता. अक्षदाने नऊ दिवस टाळ्या वाजवल्या, गाणी म्हटली, मखराला मुलांकडून कागदी फुलं करून घेतली. वही मात्र उघडली नाही.

विसर्जन झालं, मी बाहेर आले. एका दुपारी मुलं गेल्यावर अक्षदा माझ्या शेजारीच वही घेऊन बसली. नऊ पानं कोरी. तिची मैत्रीण मनवा दुसऱ्या बालवाडीत हेच काम करत होती. तिने आपली भरलेली पानं मोबाइलवर पाठवली होती. अक्षदा ती उतरवत गेली, फक्त मुलाचं नाव बदलत. लिहिता लिहिता पुटपुटत होती, म्हणून मला ऐकू आलं: घंटा वाजताच नील खेळ थांबवून उठतो.

मित्रांनो, हे खोटं आहे हे त्या खोलीत मला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. पण इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कोणी वहीत लिहिलं नव्हतं. मी खूश झाले.

शेवटच्या दिवशी, मुलं मणी घेऊन बसलेली असताना, सीमाताई सहीसाठी वही वाचायला लागल्या. गणपतीतल्या पानावर थांबल्या.

"गणपतीत घंटा कुठे होती गं, अक्षदा?"

"ट्रंकेत."

"मग नील कशाला उठला?"

अक्षदाचे कान लाल झाले. मैत्रिणीचं बघून लिहिलं, सगळ्याच तसं करतात, असं ती खालच्या आवाजात म्हणाली.

"सगळ्यांच्या वहीवर मला सही करायची नाहीये," सीमाताई म्हणाल्या. "बरं, गणपतीतलं सोड. एरवी तरी उठतो का तो?"

चाळीस दिवस अक्षदाला त्या एकाच मुलाकडे बघायचं होतं आणि तिला सांगता येईना.

तिने मला उचललं. नील आमच्याकडे पाठ करून बसला होता. ती त्याच्या मागे हातभर अंतरावर गेली आणि तिने मला वाजवलं. जिवाच्या आकांताने वाजले मी. सगळी मुलं उठली. नीलने निळ्या मण्यानंतर तांबडा मणी ओवला. पुन्हा वाजवलं. त्याची मान हलली नाही. समोरच्या मुलीचे पाय हललेले दिसले, तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं.

सीमाताई खाली बसल्या. "मी ह्याला कोपऱ्यात उभं केलंय," एवढंच म्हणाल्या, आणि पेनाला टोपण लावलं. सही झाली नाही. नऊ दिवस पुन्हा यायचं, नऊ पानं पुन्हा लिहायची. एक तारीख चुकणार, हे अक्षदाला कोणी सांगावं लागलं नाही.

सुटताना गंगुबाई आली. तिला सांगायला अक्षदाच पुढे झाली. नीलला ऐकू येत नसावं, आपण आधी बघायला हवं होतं, आपण बघितलं नाही, असं सगळं सांगितलं. गंगुबाई पायरीवर बसली. बराच वेळ नातवाचा हात चोळत राहिली.

"मियां तेका मारलंय गो," ती म्हणाली. "हाक मारलंय तरी येना नाय म्हणान."

त्याच आठवड्यात अक्षदा दोघांना परळच्या इस्पितळात घेऊन गेली. नीलला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं असं निघालं. आता कानाला लावायचं यंत्र मिळणार आहे. लोअर परळची नोकरी मनवाला मिळाली, तिची वही कोणी वाचली नाही. अक्षदाने नऊ पानं लिहिली. त्यांत होतं: पाठीमागून हाक मारली, वळला नाही. समोर बसून बोलले, ओठांकडे बघून हसला. ऑक्टोबरात सही झाली. पेढे वाटलेल्या घरी तिने काय सांगितलं, मला माहीत नाही.

शेवटच्या दिवशी तिने मला नीलच्या समोर धरून हळूच वाजवलं. त्याने पुढे होऊन माझ्यावर तळवा ठेवला. माझा आवाज तिथेच बंद पडला, पण थरथर त्याच्या हाताला लागली असावी, कारण त्याने हात काढला नाही.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी सांगणार नाही. सव्वा वर्ष, रोज तीन वेळा, ते मूल वळत नव्हतं आणि मी ते मोजत होते. का वळत नाही, हे माझ्या मनात आलं नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या जिन्यात असं एखादं मूल असेल. त्याला हट्टी म्हणायच्या आधी चार पावलं चाला, आणि त्याच्या समोर जाऊन बसा.