पाझरावरची पोर

जोतीराम गुरुजींचा राग असा होता, की ते फळ्याकडे वळले की खडू आपणहून निम्मा व्हायचा. पण राग काढायला समोर पोरं तर हवीत! चौऱ्याण्णव सालच्या त्या सोमवारी सकाळी साडेसातला सातवीच्या जादा तासाला हजर होते दोघं. एक तेजश्री, दुसरा धोंडीबाचा बोकड. त्यातही बोकड आधी आला होता.

लासुर्ण्याच्या अलीकडं, पाटाच्या चारीला चिकटून ही वस्ती. शाळा सातवीपर्यंत. पुढं हायस्कूल, आणि त्याच्याही पुढं बारामतीचं कॉलेज. ते एसटीनं तासाभरावर होतं, पण वस्तीच्या हिशेबानं अमेरिकेच्या पलीकडं. गुरुजी त्या अमेरिकेला जाऊन आलेले. दहावीला शाळेत पहिले आले, अकरावी सायन्सला नाव घातलं, आणि तीन महिन्यांत ट्रंक डोक्यावर घेऊन परत. तिथले सर फळ्यावर पहिली ओळ लिहायचे आणि एकदम शेवटची. मधल्या सात ओळी बाकीच्यांना तोंडपाठ, यांच्या मात्र बापजाद्यांनी ऐकलेल्या नव्हत्या. पुढं डी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न झालं, पण ती ट्रंक काही डोक्यावरून उतरली नाही. म्हणून हा जादा तास. सातवीतच बीजगणिताचा पाया भरला तर वस्तीतलं एखादं पोरगं बारामतीत टिकेल, एवढाच हट्ट.

आणि तेजश्री टिकली असती. भिमाची ही पोर गणित करताना जीभ बाहेर काढायची आणि उत्तर आलं की आत घ्यायची. जीभ आत गेली की गुरुजी वही तपासतही नसत.

"जोतीराम," हेडमास्तर दारातून म्हणाले, "बोकड धरून दोन. पंधरा दिवस बघतो. पोरं दहाच्या खाली राहिली, तर ही खोली सोसायटीच्या खताला देतो. युरिया निदान रोज हजर तरी राहतो."

गुरुजी घरोघर हिंडले. पाटाला पाणी सुटलं होतं आणि सगळी पोरं उसात पाण्याची दारं धरायला.

"दत्तोबा, पोरं शाळेत धाडा की!"

"आवो गुरुजी, शिक्षण कुठं पळून चाललंय? पाणी चाललंय पळून!"

"पुढं कॉलेजात जायचंय पोरांना."

"जातील की. पाणी बंद झाल्याव जातील."

आता या वस्तीचं आणि पाण्याचं नातं सांगायलाच हवं. पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याची चिठ्ठी म्हणजे इथं देवाचा कौल. अमक्याचा नंबर मंगळवारी, इतक्या ते इतक्या. वेळेला हजर नसला तर पाणी पुढच्याच्या रानात. हा दत्तोबा स्वतःच्या लग्नात अंतरपाटामागून उठून नंबरावर गेला होता. भटजींनी मंगलाष्टकं सतरा वेळा म्हटली, नवरी उभ्यानं दोन वेळा झोपली, आणि नवरदेव चिखलानं माखून आला तेव्हा अक्षतांना मोड आले होते. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला विचारा. ती अजून बोलत नाही त्याच्याशी.

गुरुजींनी संतापानं जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर चिठ्ठ्या लिहिल्या. अगदी पाटकऱ्याच्या थाटात. 'जादा तास. वेळ साडेसात ते नऊ. एकूण नंबर बारा. एका घरास एक. दोन दिवस रिकामा गेल्यास नंबर शेजाऱ्यास देण्यात येईल.' खाली शाळेचा शिक्का हाणला.

त्यांना टोमणा मारायचा होता. वस्तीला तो टोमणा कळलाच नाही.

बुधवारी सव्वासातला खोलीपुढं भांडण. "माझा नंबर शेजाऱ्याला? माझ्या मढ्याव!" असं म्हणत एकेक बाप पोराचं मनगट धरून हजर. बाराच्या बारा नंबर भरले. चौघं जादाचे बाहेर थांबले, कुणी चुकला तर म्हणून. गुरुजी त्या दिवशी चालत घरी गेले म्हणतात, पण पाय जमिनीला लागलेले कुणी पाहिले नाहीत.

ते आठवडाभर. मग नंबराचं व्हायचं तेच झालं. पाण्याचा नंबर जसा उसना देता येतो, बदलता येतो, तसं चिठ्ठ्यांचं सुरू झालं. धोंडीबाचा नातू वैरणीला गेला, तर नंबर रिकामा जाऊ नये म्हणून सत्तर वर्षांचा धोंडीबाच पहिल्या बाकावर येऊन बसला.

"मास्तर, ह्यो क्ष कुणाचा?"

"कुणाचा नाही, आबा. ती संख्या आहे. माहीत नसलेली."

"म्हंजी आपल्या भावकीतला न्हाय."

आणि एका सकाळी तेजश्रीच्या जागेवर दत्तोबाचं तिसरीतलं पोरगं, पाटी चाटत.

गुरुजी तसेच तडक भिमाच्या रानात.

"भिमा, तेजश्रीचा नंबर कुठाय?"

"दत्तोबाला दिला," भिमा फावड्याला टेकून मोठ्या खुशीत म्हणाला. "चार तास पाणी घेतलं त्याच्याकडनं! आख्खा खोडव्याचा ऊस भिजला बघा. गुरुजी, तुमच्या चिठ्ठीला लई भाव हाय!"

"अरे, ते पोरगं तिसरीत आहे! त्याला काय कळणार?"

"त्ये त्याचं त्यो बघंल. पाणी आपल्या रानात आलं, त्यानं तिकडं काय पिकवायचं त्ये आपुन कशाला इचारायचं?"

"तिला बारामतीला पाठवायचीय मला. कॉलेजला!"

"मग धाडू की. अजून तीन-चार वर्सं हायती," भिमा म्हणाला आणि पाण्याचं बारं मोडायला वाकला.

स्वतःच्याच हातानं लिहिलेली चिठ्ठी, स्वतःच मारलेला शिक्का. गुरुजी पाय आपटत परत आले. पाय इतके आपटले की इंदापूरपर्यंतच्या कोंबड्या अंड्यावरून उठल्या.

पंधराव्या दिवशी हेडमास्तर मोजायला आले. बाराच्या बारा नंबर भरलेले. त्यात एक धोंडीबा, दोन तिसरीतले, एक जण मामाकडं पाहुणा आलेला.

"शाबास जोतीराम! खोली तुझी," हेडमास्तर म्हणाले.

गुरुजींनी मोठ्यानं म्हणत फळ्यावर लिहिलं. तीन क्ष अधिक पाच बरोबर सव्वीस. "सांगा, क्ष किती?"

वर्गात अशी शांतता, की पाटी चाटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"सात," कुणीतरी म्हणालं. आवाज आतून नव्हता. खिडकीखालून होता.

गुरुजींनी वाकून पाहिलं. भिंतीला पाठ लावून तेजश्री बसलेली, मांडीवर वही. जीभ आत.

"कधीपासून बसतेस इथं?"

"नंबर गेला त्या दिसापासनं."

"मग आत का येत नाहीस?"

"माझ्या बानं पाणी घेतलंय न्हवं? आत बसले तर चोरी हुईल." तिनं खिडकीकडं बोट केलं. "हितं चालतंय. पाटाकडच्या रानाला कसा पाझर लागतो? त्याला कुठं नंबर लागतोय. मी पाझराव हाय, गुरुजी."

गुरुजी खिडकीतून वळले, खिळ्यावरचा फळा उचलला आणि काखेत मारला.

"हेडमास्तर, आणा तुमची युरियाची पोती."

"अरे, पण बारा भरले की! आता कशाला?"

"बारा नंबर भरलेत. मला पोरं पाहिजेत."

बाहेर येऊन त्यांनी फळा भिंतीला टेकवला, तेजश्रीच्या समोर. खोलीतला वर्ग गोंधळून मागोमाग आला. धोंडीबा सगळ्यांत पुढं.

"मास्तर, हितं नंबर कसा लावायचा?"

"इथं नंबर नाही. ज्याला बसायचं त्यानं बसा."

"म्हंजी शेजाऱ्यालाबी मोकळं?"

"मोकळं."

"मग गर्दी कशाला करायची!" धोंडीबानं धोतर झटकलं आणि निघाला. त्याच्यामागं दत्तोबाचं पोरगं, त्याच्यामागं पाहुणा. एकेक करत आठ गेले. दुपारपर्यंत खोली युरियानं भरली आणि दत्तोबा दारात येऊन ओरडून गेला, "माझं चार तास पाणी परत कोण देनार?" गुरुजींनी त्याला खडू दाखवला. खडू बघून तो का गप्प झाला, ते मात्र आजवर कुणाला समजलं नाही.

पण त्या सकाळी, ते आठ जण गेल्यावर, उरली होती चार पोरं, भिंतीपासून हातभर पुढं सरकलेली तेजश्री, आणि बोकड.

"फक्त सहा," गुरुजी दात ओठ खात म्हणाले. बोकडाला त्यांनी मोजलं होतं. मग त्यांनी फळा पुसला, पहिली ओळ लिहिली, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. मधली एकही न गाळता.