बाईंचा ग

सूर लावणाऱ्याने पियानोचं झाकण उघडलं, तशी बाईंनी उठून खिडकी लावून घेतली. रस्त्यावरून कोणी ऐकायला नको.

"मधला ग, गंधार बघ आधी," त्या म्हणाल्या. "उतरलाय."

त्याने पट्टी दाबली. एकदा, दोनदा. मान तिरकी करून ऐकलं. पस्तीस वर्षांपूर्वी याच खोलीत बाईंकडे गाणं शिकायला पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हाही त्याने मान अशीच धरली होती.

"ठणठणीत आहे की!"

"नीट ऐक रे."

"बाई, कोणी काही बोललं का?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. काल तालमीला बाहेरगावचा व्हायोलिनवाला आला होता. उद्या त्याचा ताफा वाजवणार आणि बाईंच्या गायनवृंदाची साठ माणसं गाणार, सभागृहाची तिकिटं आधीच संपलीत. जाताना तो अगदी अदबीने म्हणाला होता, "तुमच्याकडे सगळेच ग जरा खाली लावतात का?" रात्रभर बाईंचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. दोष पियानोचा निघू दे, एवढंच त्या घोकत होत्या.

"तुझ्याकडे ते सूर मोजायचं मशीन होतं ना? लावून बघ."

तो हसला. "ते होय! गाडीत पडलंय. बिघडलंय ते."

"काय बिघडलंय?"

"बाकी सूर बरोब्बर दाखवतं हो. ग आला की खाली दाखवतं. दोनदा दुरुस्तीला दिलं, तो दुकानदार म्हणे मशीन चांगलंय, तुमचा कान तपासा." त्याने कानाची पाळी ओढली. "म्हटलं, हा कान कोणी घडवलाय ठाऊक आहे का तुला? तेव्हापासून मशीन बंद. तुमचा ग आठवायचा, तार पिळायची."

"सगळीकडे?"

"शाळा, सभागृह, घरोघरचे पियानो. घाबरता कशाला? अख्ख्या गावात एक वाद्य तुमच्या सुराबाहेर सापडायचं नाही."

बाई स्टुलावर टेकल्या.

जिन्यात पावलं वाजली. शेवटच्या तालमीची माणसं हसत-खिदळत आत आली, चपला काढून आपापल्या रांगेत उभी राहिली. पोस्टमन, शिंपीकाका, दोघी नणंद-भावजय. साठ चेहरे बाईंकडे वळले.

"हं बाई," पोस्टमन म्हणाला, "ग द्या."